घरमालकांचा दोरकोश

"वरच्या खोलीतली मुलगी बोलत नाही. पण टोक नीट धरते," आमचे घरमालक पोस्टमनला सांगत होते.

मी जिन्यात होते, हातात धुवायच्या कपड्यांची बास्केट. पोस्टमन "दॅट्स नाइस" म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला. घरमालक आत येऊन बूट काढायला बसले, तशी मी आवाज न करता पुन्हा वर गेले. कपडे त्या दिवशी धुतलेच नाहीत. आपल्याबद्दल कुणी काही बोललेलं ऐकू आलं की, चांगलं असो वा वाईट, मला आधी लपावंसं वाटतं.

टोक धरण्याबद्दल मात्र ते खरं बोलत होते. त्यांच्या गॅरेजच्या दाराशी एक लाकडी यंत्र होतं. त्याला तीन आकडे आणि एक हँडल. आकड्यांना तागाचे तीन पेड अडकवायचे आणि त्यांची दुसरी टोकं अंगणाच्या पार त्या टोकाला कुणीतरी एका फिरत्या आकड्यावर घेऊन उभं राहायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. घरमालक हँडल फिरवत. पीळ बसत गेला की दोर आखडतो आणि टोक धरणाऱ्याला पावलापावलानं पुढे यावं लागतं. घाईनं पुढे आलं तर दोर सैल पडून त्याचा गुंता होतो, अडून राहिलं तर पेड तुटतो. हाताला जेवढं कळेल तेवढंच सरकायचं. पुण्याहून आल्यापासून मला कुणी दिलेल्या कामांत हे एकच असं होतं की ज्यात बोलावं लागत नसे.

पिस्कॅटवेमध्ये मी संख्याशास्त्रात एमएस करायला आले, ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यात. घराची जाहिरात माझ्या रूममेटनं, नीलानं, युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर वाचली होती: दोन खोल्या, बस जवळ, शांत माणसं हवीत, कात्री वापरणाऱ्यांनी येऊ नये. नीला नागपूरची, केमिकल इंजिनिअर, जगात सगळ्या गोष्टींना काहीतरी कारण असतं असं मानणारी. ती म्हणाली, टायपिंगमध्ये काहीतरी मिस्टेक झालीय.

मिस्टेक नव्हती. त्या घरात दोरा, सुतळी, पार्सलची दोरी, यातलं काहीही कापायची बंदी होती. बेकरीतून केकचा खोका आला तर वरची गाठ नखांनी सोडायची, दोरी बोटांभोवती गुंडाळून स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीत टाकायची. मला त्याचं काही वाटलं नाही. माझी आई मिठाईच्या पुड्याचा दोरा असाच गुंडाळून ठेवायची. नीलाला मात्र पहिल्याच आठवड्यात प्रसाद मिळाला.

"यार, हा माणूस मेंटल आहे," ती वर येऊन म्हणाली. "मी कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणली, ती त्यांनी ट्रॅश केली. त्या जागी स्वतः वळलेली सुती दोरी बांधली आणि वर मलाच थँक यू म्हणाले."

दुसऱ्या दिवशी तिनं जाब विचारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नायलॉन काही लक्षात ठेवत नाही. गाठ सोडली की गाठ कुठे होती हे त्याला सांगता येत नाही. अशा वस्तूवर आपले कपडे सोपवू नयेत."

ते लाटव्हियाचे. तो देश कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या नकाशात बघून कळण्यासारखंही नव्हतं, कारण नकाशावर सोव्हिएत युनियनचा एकसलग रंग पसरलेला होता. त्यावर त्यांनी निळ्या पेननं एक सीमा काढली होती. समुद्राच्या बाजूनं ती रेघ इतकी बारीक वळणं घेत होती, की हा माणूस त्या किनाऱ्यावरून पायी हिंडलेला असणार हे कळत होतं. तिथल्या एका बंदराच्या गावात त्यांच्या वडिलांचा जहाजांचे दोर वळायचा कारखाना होता. युद्धाच्या शेवटी ते आणि त्यांची बायको जर्मनीत आले, तिथल्या निर्वासितांच्या छावणीतून इथे. इथे लिफ्टचे केबल बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. त्या तीस वर्षांबद्दल ते एकच वाक्य बोलत: "तो दोर नव्हे, ते लोखंड."

त्यांना काय म्हणून हाक मारायची हा माझा प्रश्न कधी सुटला नाही. नावापुढे मिस्टर लावलं की ते आडनाव माझ्या तोंडात अडखळे. एकदा सवयीनं मी "अंकल" म्हणाले, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कुणाचा?" तेव्हापासून मी हाक न मारता नुसती समोर जाऊन उभी राहत असे. त्यांनाही ते चालत होतं. इथल्या मराठी घरांमध्ये नीला त्यांचा उल्लेख दोरकाका असा करायची आणि सगळे हसायचे.

शनिवारी दुपारी ते घरातल्या सगळ्या गाठी सोडत. पडद्यांच्या, पिशव्यांच्या, दारामागच्या एप्रनच्या. कामाशिवाय गाठ ठेवू नये, त्यानं दोर थकतो, असं त्यांचं म्हणणं. आमचे स्नीकर्स दाराशी नाड्या बांधलेले दिसले, तर रविवारी सकाळी त्यांच्या नाड्या सरळ केलेल्या असत. नंतर, मी हर्नडनला नोकरी करत असताना, ते पुष्कळ वर्षं नाताळात पार्सल पाठवत. आत राय ब्रेड आणि मध. ते उघडायला मला पाऊण तास लागे. कात्री माझ्या ड्रॉवरमध्ये असे, पण तिला हात लावायची माझी छाती झाली नाही.

एका हिवाळ्यात मोठं वादळ येणार असं रेडिओवर सांगितलं, तेव्हा त्यांनी पोर्चच्या खांबापासून बस स्टॉपपर्यंत दोर बांधला. मध्ये सात घरं. प्रत्येकाच्या पत्रपेटीला एक वेढा देत देत ते पुढे गेले. टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस ट्रक थांबवून म्हणाला, हे काढून टाका. ते म्हणाले, "तुम्ही बर्फ काढा, मग मी दोर काढतो." त्या संध्याकाळी नीला लॅबमधून आली, ती दोन्ही हातांनी तो दोर धरून. समोरचं काही दिसत नव्हतं. आत आल्यावर तिनं ओले मोजे काढले आणि चहा ठेवला. दोरकाका हे नाव तिनं त्यानंतरही घेतलं, पण हसण्यावारी नाही.

त्यांचा खरा उद्योग मात्र बुटांच्या खोक्यांत होता. पोस्टकार्डाएवढी कार्डं. डावीकडे दोराशी संबंधित एक इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा लाटव्हियन अर्थ. रोप म्हणजे विर्वे. कॉर्ड म्हणजे आउक्ला. लूप म्हणजे त्सिल्पा. नॉट म्हणजे मेझ्ग्ल्स. जहाज धक्क्याला बांधतात तो जाड दोर, ताउवा. प्रत्येक कार्डाला कोपऱ्यात भोक आणि त्या भोकात त्याच वस्तूचा बोटभर लांबीचा नमुना, स्वतः वळून, गाठ मारून, अडकवलेला. हा त्यांचा नियम होता: जे हातानं करता येत नाही त्याचा शब्द लिहायचा नाही. एक कार्ड पुरं व्हायला कधी तास लागे, कधी आठवडा.

त्यांच्या लोकांच्या चर्चमध्ये दर शनिवारी मुलांची शाळा भरायची. तिच्यासाठी हा कोश छापायचा होता. त्यांच्या ओळखीचे लोक विचारत, उलटा का करत नाही, आधी आपली भाषा, मग इंग्रजी? ते म्हणत, "पोरांच्या हातात इंग्रजी आहे. त्यांच्या हातात जे आहे तिथूनच सुरुवात करावी लागणार."

टायपिंग माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी स्पेलिंग चुकत नसे. टाइपरायटरवर लाटव्हियन अक्षरांवरच्या आडव्या रेघा नव्हत्या. मी पान काढून दिलं की ते पेननं एकेक रेघ देत, जीभ दातांत धरून. मंगळवारी आणि गुरुवारी, माझा शेवटचा क्लास झाला की, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसायचो. बोलायचे तेच. ताउवा हा शब्द सांगताना वडील धक्क्यावर कुणाला शिव्या देत होते तेही सांगायचे. शब्द सांगताना त्यांचे हात टेबलावर आपोआप हलत. मी टाइप करताना शब्दांपेक्षा त्या हातांकडे जास्त बघत असे.

अशाच एका गुरुवारी त्यांनी विचारलं, "गाईला चरायला बांधतात तो दोर. तुमच्या भाषेत काय?"

भारतातला प्रत्येक माणूस गाईशेजारी राहतो असं त्यांना वाटत असावं. मी गाय पाहिली होती ती रस्त्याच्या कोपऱ्यावर, कुणीतरी चारा टाकत असताना, रिक्षातून. माझ्याकडे दोरी, सुतळी आणि नाडी एवढे तीन शब्द होते. मराठी शाळेत मी गेले नव्हते. आईची पत्रं मी वाचायची आणि उत्तर इंग्रजीत पाठवायची. इंग्रजीतला एखादा शब्द मला अडला तर मी सरळ माहीत नाही म्हणत असे, त्यात काही वाटत नसे. मराठीतला येत नाही हे सांगणं जमत नसे. इतक्या लांब येऊन मी सगळ्यांना माझी भाषा म्हणून हीच भाषा सांगत होते ना.

"गायदोर," मी म्हणाले.

त्यांनी कार्डाच्या मागे रोमन अक्षरांत लिहून घेतलं. "आणि घोड्याचे पुढचे पाय बांधतात तो?"

"पायदोर."

"वासराच्या गळ्यातला?"

"मानदोर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फार शहाणी भाषा आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव. माणूस म्हातारा झाल्यावर त्यानं काय करायचं?"

मला हसू आलं. मी पुढचं कार्ड समोर ओढलं.

त्यांच्या बायकोबद्दल ते क्वचित बोलत. ती मी येण्याच्या तीन वर्षं आधी गेली होती. ती समुद्रापासून दूर, आतल्या भागातल्या शेतावरची. "ती गाईंची, मी जहाजांचा," असं ते म्हणाले होते. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते तिच्या शब्दांची थट्टा करत. गाईच्या दोराला गोठ्यात एक नाव, कुरणात दुसरं, गवत वाहायच्या बिनचाकी घसरगाडीवर आवळायच्या दोराला तिसरंच. "मी विचारायचो, ती सांगायची, मी हसायचो. लिहून घेतलं नाही. गाईच्या दोराचं काय लिहायचं, असं वाटायचं." हे सांगताना त्यांचे हात टेबलावर स्वस्थ पडलेले होते.

वसंतात एका रविवारी आम्ही जवळच्या एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. काकू सांगलीकडच्या एका खेड्यातल्या. बाहेर काका आणि नीला ग्रीन कार्डाबद्दल बोलत होते. मी स्वयंपाकघरात काकूंना पोळ्या लाटून देत होते, आणि लाटता लाटता, खाली बघून, विचारलं.

"काकू, गाईला बांधतात त्या दोराला काय म्हणतात?"

"दावं," काकू म्हणाल्या. "का गं? गाय घेतेयस का इथे? टाउनशिपवाले परवानगी देतील का बघ."

"आणि घोड्याचे पाय बांधतात तो?"

"पायबंद. बैलाचा कासरा. नाकातली ती वेसण. तोंडाला म्होरकी. विहिरीच्या मोटेचा नाडा. आमच्या अण्णांकडे दोर वळायला माणूस यायचा, तो..." त्या तव्यावरची पोळी विसरून सांगत राहिल्या. पोळी करपली.

त्यांची मुलगी दारात येऊन म्हणाली, "आई, व्हाय इज शी आस्किंग अबाउट काउज?"

"अभ्यासाला आहे तिला," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "इंग्लिश मीडियम ना तू?"

"हो."

"तरीच. असू दे. विचारलंस ते बरं केलंस. ही तर विचारायचीही नाही."

मी ते शब्द पेपर नॅपकिनवर लिहून घेतले, देवनागरीत, एखाददुसरी वेलांटी चुकवत. परतीच्या वाटेवर ठरवलं, मंगळवारी सांगून टाकायचं.

मंगळवारी टेबलावर अकरा नवी कार्डं माझी वाट बघत होती. त्यांच्या कोपऱ्यांत भोक होतं, पण दोर नव्हता.

"नमुने नंतर," ते म्हणाले. "आधी टाइप करू. जूनमध्ये आमचा सण, त्याच्या आत छापून हवं आहे."

पहिल्या कार्डावर गाईचा दोर: गोवविर्वे. दुसऱ्यावर घोड्याच्या पायांचा: कायविर्वे. तिसऱ्यावर वासराच्या गळ्यातला: काक्लविर्वे. पुढची आठही तशीच, प्रत्येकाच्या शेवटी विर्वे. मला लाटव्हियन येत नव्हतं. पण तोवर मी दोनशेच्या वर कार्डं टाइप केली होती, आणि त्यांतले शब्द एकमेकांसारखे कधीच नव्हते. हे अकरा एकाच घरातल्या भावंडांसारखे होते. आणि ते घर मला ओळखीचं होतं. गाय, पाय, मान. त्याच क्रमानं.

त्या संध्याकाळी ते कुणाच्या शिव्या सांगत नव्हते. एकेक शब्द सांगून खिडकीबाहेर बघत होते.

मी नॅपकिन खिशातून काढला नाही. अकराही शब्द टाइप केले.

मी दोनदा बोलायचं ठरवलं, आणि दोन्ही वेळा मागच्या अंगणात टोक धरून उभी राहिले तेव्हा वाटलं, आता नको, पेड तुटेल. स्वतःला समजावलं की ते त्यांचे शब्द आहेत, त्यांचा देश आहे, मी कोण सांगणारी. नीलाला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, कोणाला कळणारेय? इट्स अ रोप डिक्शनरी." तिचं बरोबर होतं. कुणालाच कळणार नव्हतं. मला सलत होतं ते नेमकं तेच.

पानं न्यायला शनिवारच्या शाळेच्या बाई आल्या तो मे महिन्यातला गुरुवार होता. चाळिशीच्या आत-बाहेरच्या, चष्म्याला साखळी. छावणीत जन्मलेल्या, त्यांनी तो देश पाहिलेलाही नव्हता. त्या टेबलाशी बसून पानं चाळू लागल्या. जहाजांच्या दोरांशी त्यांची गाडी हळू चालत होती, एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होत्या. मग त्या अकरा शब्दांपाशी आल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे किती सोपे आहेत," त्या माझ्याशी इंग्रजीत म्हणाल्या. "मुलं हे अर्ध्या तासात पाठ करतील. आयुष्यभर विसरणार नाहीत."

घरमालक खिडकीबाहेर बघत होते.

बाई फोल्डर आणायला गाडीकडे गेल्या. स्वयंपाकघराचं जाळीचं दार त्यांच्यामागे आपटलं.

त्यांचा तो कोश आज माझ्याकडे आहे. पातळ, निळ्या कव्हराचा. त्यात अकरा इंग्रजी शब्दांपुढे उजवीकडची जागा कोरी आहे, आणि त्या पानाच्या तळाशी दोन भाषांत एक ओळ: हे शब्द माझ्या बायकोला येत होते, ज्यांना येत असतील त्यांनी इथे लिहावेत. पुढच्या दोन वर्षांत टोरांटोहून, मिलवॉकीहून पत्रं आली. शेतावरच्या म्हाताऱ्या बायकांची. अकरांपैकी सात शब्द परत आले, आणि प्रत्येक पत्र आल्यावर त्यांनी तो दोर वळला. एकदा तर त्यांतल्या एका बाईंना हर्नडनला फोन करायला लावून मला तो शब्द ऐकवला. पण त्या गुरुवारी यातलं काहीच नव्हतं. टेबलावर पानांचा गठ्ठा होता, आणि बाई गाडीपर्यंत जाऊन येईस्तोवर जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

ते खिडकीकडून वळले. माझ्याकडे न बघता त्यांनी पानांच्या कडा दोन्ही हातांनी सारख्या केल्या.

"सगळं बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत त्यांनी मला गाईच्या दोराखेरीज फार काही विचारलं नव्हतं. माझी मान नेहमीसारखी होकारार्थी हलायला लागली होती. ती मी थांबवली.

"गायदोर असा शब्द नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "पायदोर नाही. मानदोर नाही. मला येत नव्हते, म्हणून मी ते तुमच्यासमोर बसून बनवले."

त्यांचे हात पानांवर थांबले. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मी आणखी गप्प राहिले असते तर बाई आत आल्या असत्या.

"तुमचे हे अकरा तसेच आहेत," मी म्हणाले. "आपल्याला येत नाहीत, असं लिहू या."